चार टनांचा पाहुणा

पाहुण्याचं वजन त्या सकाळी चार हजार शंभर किलो होतं, आणि तो विमानात कुठेही नव्हता. तो फक्त कागदावर होता: मागचा मालकक्ष, उजवी बाजू, ‘यंत्रांचे सुटे भाग’. नागपूरच्या दक्षिणायन एअरलाइन्समध्ये उड्डाणांचं नियोजन करणाऱ्या बाराही जणांना तो चांगला ठाऊक होता. त्यांच्या बाहेर मात्र कुणालाही नाही. ड्यूटी बदलताना एकानं विचारायचं, “पाहुणा बसला का?” दुसऱ्यानं म्हणायचं, “बसला.” मग दोघांनी निवांत चहा प्यायचा, असा रिवाजच पडून गेला होता.

नीलाक्षी गोतमारे या बारांतली एक. हुद्दा डिस्पॅचर. डिस्पॅचर विमानात बसत नाही. विमान किती वजन घेऊन, कोणत्या वाटेनं, किती इंधनावर जाईल हे तो जमिनीवर बसून ठरवतो आणि त्याखाली सही करतो. नीलाक्षीनं अकरा वर्षांत एकही सही न वाचता केली नव्हती. बरोबरीच्या लोकांना तिच्या या सवयीचा थोडा जाचच व्हायचा.

सकाळी पावणेसातला तिचा फोन वाजला. विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला, प्रवाशांच्या काउंटरपाशी तिचे वडील उभे होते.

“नीला, आज तरी चढून राहिलो का मी? नसंन तर तसं सांग. सव्वासातची उमरेडची बस आहे.”

“बाबा, थांबा नं जरा. पाहून राहिले मी.”

“तू तीन खेपांपासून पाहूनच राहिली.”

गोतमारे गुरुजींनी उमरेडच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला होता. धाकटी मुलगी मंजिरी ब्युनॉस आयर्सला राहायची आणि आठवडाभरात तिला बाळ होणार होतं. आई हयात नव्हती, तेव्हा बाळंतपणाला बापानंच जायचं ठरवलं आणि डिंकाचे लाडूसुद्धा स्वतः वळले. तिकीट नीलाक्षीच्या नोकरीतून मिळालेलं, म्हणजे जागा उरली तरच चढायचं अशा बोलीचं. तीन वेळा ते लाडवांसकट परत गेले होते.

आणि गंमत अशी, की जागा होती. त्या दिवशीही एकोणचाळीस खुर्च्या रिकाम्या होत्या. पण इतक्या लांबचं विमान खुर्च्यांनी भरत नाही, वजनानं भरतं, आणि वजन काठोकाठ होतं. त्यातले चार टन पाहुण्याचे. आपल्या बापाची जागा कोण अडवून बसलंय हे नीलाक्षीला दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं, आणि तेव्हापासून त्या नसलेल्या पाहुण्याचा तिला मनापासून राग येत होता.

तिनं वजनाची यादी उघडली. हवा स्वच्छ होती, अंदाज चांगला होता. एक दिवस खरं लिहिलं तर काय बिघडतं, असं तिच्या मनात आलं. खरं लिहायला परवानगी तरी कुणाची काढायची? तिनं पाहुण्याची ओळ पुसून टाकली.

मग सगळं पटापट झालं. गुरुजींसकट ताटकळलेले अकरा जण चढले. वजन मोकळं झाल्याचा सुगावा लागताच माल विभागानं चार दिवसांपासून तुंबलेली औषधांची खोकी आत ढकलली. चार टन भरायला पाऊण तासही लागला नाही. यंत्रानं इंधनाचा आकडा दिला, नीलाक्षीनं सही केली आणि बरोबर आठ वाजता विमान उडालं. थोड्या वेळानं गुरुजींनी खिडकीतून काढलेला फोटो आला. त्यात अर्धा अंबाझरी तलाव आणि अर्धा गुरुजींचा अंगठा होता.

नीलाक्षीला फार बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं लिहिलेला प्रत्येक किलो विमानात खरोखर होता.

*

नागपूर ते ब्युनॉस आयर्स हे अंतर पंधरा हजार सहाशे किलोमीटर. दक्षिणायनचं विमान ते सतरा तास बावन्न मिनिटांत कापायचं, आणि बावन्न म्हणजे बावन्नच. दोन वर्षांतल्या सातशे उड्डाणांत दोन मिनिटांपेक्षा जास्त चूक एकदाही झाली नव्हती. ही करामत पवनवेध नावाच्या यंत्रणेची होती.

इतक्या लांब जाणारं विमान वाटेत मुख्यतः स्वतःचं इंधनच वाहत असतं. एक टन जादा घेतलं तर ते वाहून नेण्यातच त्यातलं अर्धं जळतं. म्हणून इंधन जेवढ्यास तेवढं घ्यावं. पण पूर्वी वाटेतला वारा नेमका कळायचा नाही, त्यामुळे दीड तासाचं तरी राखीव ठेवावंच लागे. पवनवेधनं प्रत्येक विमानाच्या नाकाशी लेझर बसवला. हवेतल्या धुळीवरून परत येणाऱ्या किरणांवरून पुढचा वारा मोजायचा आणि तो आकाशातल्या बाकीच्या हजारो विमानांना कळवायचा. सगळीकडचा वारा असा क्षणाक्षणाला कळू लागल्यावर वेळ मिनिटात सांगता येऊ लागली. शिवाय पवनवेध शिकत जायचा. उड्डाण संपलं की कागदावरचं वजन, मोजलेला वारा आणि टाकीत उरलेलं इंधन यांचा मेळ घालायचा आणि पुढच्या खेपेचा हिशेब सुधारायचा. त्याच्या भरवशावर या मार्गापुरतं राखीव इंधन दीड तासावरून वीस मिनिटांवर आणायला परवानगी मिळाली.

वीस मिनिटं हा आकडा नियोजन विभागाचे प्रमुख हरकरे सर यांना मुळीच पटला नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी विमानं पाठवली होती. ते जादा इंधन मागायला लागले की मुंबईचं मुख्य कार्यालय कारण विचारायचं, आणि ‘मनाला पटत नाही’ हे कारण कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. मग सरांनी एक तोडगा काढला. विमानाला स्वतःचं वजन कळत नसतं. कागदावर लिहाल तेच ते मानतं. त्यांनी यादीत आठशे किलोचा एक पाहुणा बसवला. वजन वाढलं म्हणून यंत्रानं इंधन वाढवून दिलं, आणि ते जादा इंधन गुपचूप टाकीत उरलं.

पुढे काही दिवसांनी उरलेलं इंधन कमी दिसायला लागलं, तेव्हा कुणीतरी पाहुणा हजार किलोचा केला. मग दीड हजार. असं करत करत पाहुण्यानं चांगलंच बाळसं धरलं. तो का वाढवावा लागतो हे बाराजणांपैकी कुणीही, नीलाक्षीनंसुद्धा, विचारलं नाही.

*

तिची ड्यूटी बाराला संपली, पण ती घरी गेली नाही. बाबा विमानात होते. दर तासाला विमानाकडून उरलेल्या इंधनाचा आकडा यायचा. अंदाजापेक्षा तो किती कमी, हे ती चौकटीच्या कागदावर टिंबानं मांडत बसली. ही सवयही हरकरे सरांनीच लावलेली. पडद्यावर सगळं दिसत असताना कागद कशाला, म्हणून नवी मुलं हसायची.

पहिल्या तासाला इंधन अंदाजापेक्षा एकशे वीस किलो कमी होतं. दुसऱ्या तासाला दोनशे चाळीस. पडदा हिरवाच होता, कारण ही तूट मर्यादेच्या आत होती. शिवाय सातशे उड्डाणांत कधी कमी पडलं नाही तर आज काय पडणार, अशी पवनवेधची पक्की समजूत. तीन वाजता सातवं टिंब पडलं: आठशे चाळीस.

नीलाक्षीनं पट्टी घेऊन सातही टिंबं जोडली. रेघ अगदी सरळ आली.

तूट वाऱ्यामुळे असती तर रेघ वाकडीतिकडी आली असती, कारण वारा कुठे जास्त असतो, कुठे कमी. इंजिन बिघडलं असतं तर ती तासागणिक जास्त वाकत गेली असती. तासामागे तेवढीच तूट म्हणजे वजन. विमान यंत्राला वाटतं त्यापेक्षा चार टन जड होतं. पण आज तर कागदावर खरंच वजन होतं! मग जड कसं?

मग तिला उलगडा झाला. दोन वर्षं ते पाहुण्यासकट वजन लिहीत होते आणि विमान पाहुण्याशिवाय उडत होतं. पवनवेध बिचारा त्यावरूनच शिकला: हे विमान दिसतं त्यापेक्षा कमी पितं. म्हणून तो इंधन कापत गेला, म्हणून उरलेलं कमी दिसायला लागलं, म्हणून हे पाहुणा वाढवत गेले, म्हणून तो आणखी कापत गेला. दोघं एकमेकांना फसवत एकमेकांना सांभाळत होते. आणि आज सकाळी तिनं एकटीनं खरं लिहिलं.

तिनं पटकन पुढचा हिशेब केला. सतरा तास बावन्न मिनिटांत एकवीसशे किलो कमी. राखीव फक्त दीड हजार. विमान ब्युनॉस आयर्सच्या आठ मिनिटं अलीकडे, खाली पाणी असताना, कोरडं पडणार होतं.

अजून ते आफ्रिकेवर होतं. पाच वाजून दहा मिनिटांच्या आत डावीकडे वळलं तर नामिबियात विंडहोकला आरामात उतरून इंधन भरता आलं असतं. पावणेसहाला किनारा सुटणार. त्यापुढे आठ तास नुसतं पाणी. नीलाक्षी कागद घेऊन उठली.

*

हरकरे सर बैठकीत होते. तिनं त्यांना बाहेर बोलावून घेतलं आणि कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या कूलरपाशी कागद त्यांच्या हातात दिला.

“सर, आज पाहुणा बसवला नाही मी.”

“काहून?”

“बाबांना जागा पाहिजे होती.”

सरांनी रेघ पाहिली. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. मिनिटभरात त्यांचा चेहरा म्हातारा दिसायला लागला.

“किती कमी पडंन?”

“राखीव संपून आठ मिनिटं.”

सरांनी बैठकीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आत हवाई सुरक्षा आयोगाचे देवळेकर बसले आहेत. वीस मिनिटांचा नियम सोमवारपासून आणखी सहा मार्गांवर लागून राहिला. पुणे, कोची, अहमदाबाद... आज सही आहे.”

“तिथं पाहुणा कोण बसवणार, सर? तिथं कुणाला माहीतच नाही. आणि यंत्र तर हेच, आपल्याकडून शिकलेलं.”

“ते नंतर पाहू. आधी हे विमान उतरवू.” सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “गुरुजींना मेसेज टाक. छातीत कळ आली म्हणा म्हणावं. कॅप्टन दहा मिनिटांत विंडहोककडे वळेल. इंधन भरतील, पुढं जातील. कुणी काही विचारणार नाही.”

खरंच इतकं सोपं होतं ते. पण आजारी प्रवाशासाठी मध्येच उतरलेलं उड्डाण पवनवेध शिकण्यात धरत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. आजचा सगळा पुरावा पुसला गेला असता.

“आणि सोमवार?” नीलाक्षीनं विचारलं.

“सोमवारचं मी पाहतो.”

“कसं पाहता, सर? काय सांगून?”

“बारा जणांचे परवाने जातील, नीलाक्षी! तुझा पहिला जाईल. माझी पाच महिन्यांनी निवृत्ती आहे.” सर एकदम थांबले. शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं हे त्यांच्या तोंडावर दिसलं. “तू मेसेज टाक,” एवढं म्हणून, कागद तिच्या हातात परत देऊन ते आत निघून गेले.

तिनं फोन काढला. *बाबा, काही विचारू नका. एअर होस्टेसला सांगा छातीत दुखतंय.* विमानातल्या वायफायवर बाबा ऑनलाइनच होते. पाठवलं असतं तर त्यांनी ते केलंही असतं, आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलून. तिनं मेसेज लिहून तसाच ठेवला. पाचपर्यंत खरं सांगून पाहायचं, आणि नाहीच जमलं तर बोट दाबायचं, असं तिनं ठरवलं. बापाच्या जिवाशी आपण खेळतोय का, हा प्रश्न तिला सुचला, आणि तिनं विमानाला फोन लावला.

*

उपग्रहाच्या फोनवर कॅप्टन अदिती उमरीकरांचा आवाज शांत होता. “बोला, नागपूर.”

“मॅडम, मी नीलाक्षी गोतमारे. इंधन किती कमी दिसतंय?”

“नऊशे चाळीस. पण पडदा हिरवा आहे.”

“पडदा चुकतोय. विंडहोकला उतरा आणि इंधन घ्या.”

“कारण?”

नीलाक्षीनं सांगितलं, आडपडदा न ठेवता, आठशे किलोपासून आज सकाळपर्यंत.

“म्हणजे दोन वर्षं मी चार टन हवा वाहत होते,” कॅप्टन म्हणाल्या. “तुम्ही बारा जण खोट्या वजनाखाली सही करत होतात आणि त्याखाली मी माझी सही करत होते.”

“हो, मॅडम.”

“मग आज तुम्ही खरं बोलताय, हे कशावरून?”

नीलाक्षीनं रेघेवरचे सातही आकडे वाचून दाखवले.

“तुमचे वडील विमानात आहेत असं तुम्हीच सांगितलंत. घाबरलेल्या मुलीच्या सांगण्यावरून दोनशे अडुसष्ट माणसं मी भलत्या देशात उतरवू? पुढे कमी पडलंच तर ब्राझीलकडे वळता येईल मला.”

“पडदा शेवटपर्यंत हिरवा राहणार, मॅडम. तुम्हाला वळावंसं वाटेल तेव्हा ब्राझीलही तेवढंच लांब असेल.”

मग कॅप्टनचा आवाज थोडा बदलला. “चारच टन कशावरून? दोन असेल तर मी पोचते. बाराही जणांचा आकडा आणा. आणि तुमच्याशिवाय दुसरं कुणीतरी मला हे सांगायला पाहिजे, ज्याच्यावर मी विश्वास ठेवू शकेन. पाच दहापर्यंत थांबते. नंतर नाही.”

*

डिस्पॅचरांचा एक ग्रुप होता. त्यावर ड्यूटीच्या अदलाबदली आणि वाढदिवसाचे केक एवढंच चालायचं. नीलाक्षीनं चार वाजून पाच मिनिटांनी त्यावर लिहिलं:

*गेल्या महिन्यात तुम्ही बसवलेला पाहुणा किती किलोचा होता ते नावासकट इथे लिहा. आज पाहुणा नव्हता आणि यंत्राला ते माहीत नाही. विमान पोचणार नाही. माझे बाबा त्यात आहेत. तुम्ही लिहिलेलं मी आयोगाच्या माणसाला दाखवणार आहे, हेही आधीच सांगते.*

एकेकानं वाचल्याच्या निळ्या खुणा उमटत गेल्या. लिहीत मात्र कुणीच नव्हतं. पाच मिनिटं गेली, सात गेली. ‘पंकज उरकुडे यांनी ग्रुप सोडला’ अशी ओळ आली, आणि नीलाक्षीला रडूच फुटलं. या पंकजच्या मुलीच्या बारशाला ती भर उन्हात भंडाऱ्याला गेली होती.

सव्वाचारला पहिला आकडा आला. *रुबीना शेख, ३९००.* लगेच दुसरा. *सतीश लांजेवार, ४२००. माफ कर, नीलाताई.* मग *४०००*, *४१००*, पुन्हा *४१००*. प्रत्येकापुढे नाव. कुणाच्या घरी कर्त्या माणसाचं आजारपण होतं, कुणाचं नुकतंच लग्न ठरलं होतं, हे तिला सगळ्यांचं माहीत होतं. आपण यांच्या पोटावर पाय देतोय असं तिला वाटत होतं आणि तरी ती पुढच्या आकड्याची वाट पाहत होती.

साडेचारपर्यंत नऊ आकडे आले. फोन वाजला. पंकज होता.

“त्रेचाळीसशे,” तो म्हणाला. “घाबरलो होतो, ताई. लिही माझ्या नावानं.”

तिचा स्वतःचा धरून अकरा आकडे झाले. सरासरी चार हजार सत्तर. उरला फक्त एक माणूस, आणि तो बंद दाराआड बसला होता.

पाच वाजायला सोळा मिनिटं कमी असताना तिनं ऑफिसच्या मोबाइलवरून कॅप्टनला पुन्हा फोन लावला, स्पीकर चालू केला आणि दार न ठोठावता आत शिरली.

टेबलावर आलूबोंड्यांच्या बशा होत्या. देवळेकर साहेब उघड्या फायलीवर पेन टेकवून बसले होते. नीलाक्षीनं कागद त्यांच्यासमोर ठेवला, फोन मध्ये ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. तिचं संपल्यावर देवळेकर हरकऱ्यांकडे वळले.

“हरकरे, या काय म्हणतायत?”

सरांना एवढंच म्हणता आलं असतं, की बाईंचे वडील विमानात आहेत, त्या घाबरल्या आहेत. तेवढ्यावर भागलं असतं. अकरा आकड्यांचं काहीही स्पष्टीकरण देता आलं असतं, निदान पाच दहापर्यंत तरी. नीलाक्षीचा अंगठा स्वतःच्या फोनवर, न पाठवलेल्या मेसेजपाशी होता. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले. सर तिच्याकडे पाहत होते. तिनं त्यांच्यापुढे हात जोडले नाहीत. ती नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली. अकरा वर्षांत या माणसाकडून ती सगळं शिकली होती, आणि याक्षणी तिला त्यांची भयंकर भीती वाटत होती.

“खरं आहे,” हरकरे सर म्हणाले.

फोनमधून कॅप्टनचा आवाज आला. “कोण बोलतंय?”

“मी हरकरे. पहिला पाहुणा मीच बसवला, अदिती. आठशे किलोचा. बाकीच्यांनी माझं पाहून बसवले. माझा शेवटचा चार हजारांचा होता.” सरांनी खुर्चीच्या पाठीला धरलं. “मुलगी बरोबर सांगून राहिली. वळव, बेटा.”

भिंतीवरच्या पडद्यावर, नकाशात, विमानाचा हिरवा ठिपका अंगोलाच्या सीमेलगत पश्चिमेकडे सरकत होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. देवळेकर उठून पडद्यापाशी जाऊन उभे राहिले. पाच वाजून सहा मिनिटांनी ठिपक्यामागची रेघ किंचित वाकली, मग आणखी वाकली आणि सरळ दक्षिणेला लागली. नीलाक्षीनं मेसेज पुसून टाकला.

*

विमान विंडहोकला उतरल्यावर टाक्या मोजल्या. त्या घटकेला अंदाजापेक्षा बाराशे दहा किलो कमी होते. नीलाक्षीच्या रेघेप्रमाणे बाराशे कमी पडायला हवे होते. देवळेकरांनी तो आकडा दोनदा वाचला, सही न करता फाइल मिटली आणि या मार्गावरची वीस मिनिटांची सवलतही त्याच संध्याकाळी थांबवली. मग बाराही जणांची ओळखपत्रं मागून घेतली. हरकरे सरांनी आपलं ओळखपत्र गळ्यातून काढताना मान इतकी खाली घातली की नीलाक्षीला पाहवलं नाही. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

आठच्या सुमाराला ती घराच्या जिन्यात असतानाच गुरुजींचा फोन आला.

“नीला, इथं थंडी आहे बरं का. जुलैत दक्षिणेला हिवाळा असते म्हणून बत्तीस वर्षं शिकवलं मी, पण स्वेटर आणलं नाही.”

“लोक चिडलेत का, बाबा?”

“चिडतीन नाही तर काय! मीही चिडलो. मंजूला दवाखान्यात नेलं म्हणून जावयाचा फोन, अन् आम्ही इथं मधातच. मग कॅप्टनबाईनं सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. तुझं नाव घेतलं.” ते थांबले. “आता मले एक सांग. तीन खेपा जागा नव्हती. आज कशी भेटली?”

नीलाक्षी पायरीवर बसली. तिनं सांगितलं. पाहुण्याचं सांगितलं, दोन वर्षांच्या सह्यांचं सांगितलं, नोकरी गेल्यात जमा आहे हेही सांगितलं. गुरुजी वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर ऐकावं तसे शेवटपर्यंत मध्ये न बोलता ऐकत राहिले.

“म्हणजे मी बसलो नसतो,” ते सावकाश म्हणाले, “तर तू त्या पाहुण्याले बसवलं असतं.”

“हो.”

“अन् विमान बरोबर पोचलं असतं.”

“आजचं पोचलं असतं, बाबा.”

पलीकडून विमानतळावरचा गलका तेवढा ऐकू येत होता. कुणीतरी परक्या भाषेत कसलीतरी सूचना देत होतं. नीलाक्षीनं फोन कानाशी घट्ट धरला. बाबांच्या तोंडून आता काय येईल याची तिला सबंध दिवसात वाटली नव्हती एवढी धास्ती वाटत होती.

“मग बसलो ते बरंच झालं,” गुरुजी म्हणाले.